पांचाळ मामांच्या बारा प्लेटा

आमच्या गल्लीमागून जो ओढा वाहतो, त्याचे फोटो गेली तीन वर्षं दर अमावस्येला मी काढतो. काठावर खूण रोवताना पाय माझे भिजतात, चपला माझ्या चिखलात रुततात, आणि लोक म्हणतात, "पांचाळ मामांचा ओढा." परवा मामा सोलापुरात लेकीच्या घरी वारल्याचं कळलं, तेव्हा स्टुडिओत बसल्या बसल्या माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता तरी हे नाव बदलेल का? दुसरा विचार आला तो या पहिल्या विचाराच्या लाजेचा. तो यायला जरा वेळ लागला, हेही सांगून टाकतो.

दिगंबर पांचाळ सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं. धाराशिवातल्या अर्ध्याअधिक माणसांची हाडं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेली. माणसाचा चेहरा ते विसरायचे, हाड विसरायचे नाहीत. बाजारात कुणी नमस्कार घातला की मामा गोंधळून बघत राहायचे, मग त्याचा हात हातात घेऊन मनगट चाचपायचे आणि चेहरा उजळायचा. "डावं मनगट. मोटारसायकलवरनं पडलावता. व्हय का न्हाय?" तो माणूस एवढा खूश व्हायचा, की जणू पुरस्कार मिळाला. मी याच गावात पंचवीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. अजून एकही नवरदेव रस्त्यात थांबून माझ्याशी असा हसला नाही.

अंगानं बारके, पाठीत वाकलेले, पांढरा शर्ट, वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत काम केल्यामुळं उन्हात आले की डोळे मिचमिचे करणारे. दोन वाक्यं त्यांच्या तोंडी कायम असायची. पहिलं, "एका प्लेटवर काय कळत न्हाय, मागची प्लेट पायजे." हे ते कुठंही लावायचे. शेजारच्या काकू सुनेची तक्रार घेऊन आल्या, की मामा शांतपणे विचारायचे, "तुमी सून हुता तवाची प्लेट हाय का कुणाकडं?" काकू चहा न पिता उठायच्या.

दुसरं वाक्य म्हणजे, "आमी सांगायचं नसतंय. डॉक्टर सांगंल." एक्स-रे काढणाऱ्यानं प्लेटमध्ये काय दिसलं ते तोंडानं बोलायचं नाही, ही त्यांच्या धंद्यातली रीत. नातेवाईक दाराशी हात जोडून उभे राहायचे, मोडलंय का तेवढं सांगा म्हणायचे. मामा पाकीट हातात द्यायचे आणि डॉक्टरच्या खोलीकडं बोट करायचे. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नाही. माझ्या बायकोनं, निर्मलानं, एकदा विचारलं, "मामा, भाजी कशी झालीय?" तर म्हणाले, "म्या काढणारा माणूस. सांगणारा दुसरा बघ." आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

ओढ्याचं असं झालं. आमच्या वडिलांच्या लहानपणी त्यात पोहता यायचं म्हणतात, मी तरी नाक दाबूनच तो ओलांडला. चार वर्षांपूर्वी गल्लीतल्या काही लोकांनी समिती काढली, रविवारी श्रमदान सुरू झालं. गाद्या, टायर, प्लास्टिक, मेलेली कुत्री, काय काय निघालं. मामांची पाठ गेलेली, त्यांना घमेलं उचलवेना. ते म्हणाले, "म्या प्लेटा काढतो." लगेच सगळ्यांनी माना हलवल्या. पुलापासून शंभर पावलांवर माझा स्टुडिओ, दारावर हातभर अक्षरांत पाटी. मला कुणी विचारलं नाही. मी त्या दिवशी समितीचं नाव घेणं सोडलं ते सोडलंच. बैठकीचा निरोप आला की मला काम निघायचं.

जावयानं दिलेला एक चिमुकला कॅमेरा मामांकडं होता. पुलाच्या कडेला त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन पावलं रंगवली. दर अमावस्येला सकाळी आठ वाजता त्या पावलांवर पाय ठेवून उभं राहायचं आणि एकच फोटो काढायचा. उजव्या काठावर पत्र्याचा तुकडा रोवायचा, त्यावर मोठा 'R' काढलेला. दवाखान्यात प्लेटवर असतो तसा. "न्हायतर कुणीतरी उलटी लावतंय आन डाव्या पायाचं प्लॅस्टर उजव्याला," ते म्हणायचे. बटण दाबायच्या आधी पुलावर जे कोणी असेल त्या सगळ्यांना हुकूम सुटायचा, "श्वास घ्या… रोका!" शाळेला निघालेल्या मुली गाल फुगवून उभ्या राहायच्या. मग, "सोडा." झाला फोटो. अमावस्येला लग्न नसतं, त्यामुळं मी त्या दिवशी रिकामा. स्टुडिओच्या दारात उभा राहून मी हा तमाशा बघायचो आणि मनात म्हणायचो, ना उजेडाचं भान, ना चौकटीचं, याला काय फोटो म्हणायचं?

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला राहवलं नाही. एका पहाटे माझा सगळ्यात भारी कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स घेऊन मी ओढ्यात उतरलो. दोन तास बसलो. कोवळं ऊन, पाण्यावर वाफ, एका पायावर उभा बगळा. असा फोटो आयुष्यात दहा मिळतात. मी तो दार भरेल एवढा मोठा करून काचेत लावला. लोक थांबायचे, बघायचे, वाहवा करायचे आणि विचारायचे, "कुठलं हो हे? महाबळेश्वर का?" मी म्हणायचो, आपला ओढा. ते हसून म्हणायचे, काहीतरीच. त्याच संध्याकाळी मामा कट्ट्यावर आपल्या कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर फोटो दाखवत बसलेले. भोवती पाच-सहा बायका डोकी एकमेकींना टेकवून बघत होत्या. "अगं बया, ही तर आमची म्हैस." "आन ते गच्चीवर वाळत घातलेलं माझं लुगडं!" त्यांत निर्मलाही होती. माझ्या बगळ्यापुढं ती अर्धा मिनिट थांबली होती. तिथं ती अर्धा तास उभी होती. माझ्या पोटात दुखलं ते तेव्हापासून, आणि त्यावर कुठल्या मेडिकलात गोळी मिळत नाही.

मग आली येळवस. वेळा अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळे शेतावर. ज्वारीच्या पिकात कडब्याची खोपी, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांना भज्जी, उंडे आणि आंबिलाचा नैवेद्य. आम्ही दर वर्षी माकणीला माझ्या सासुरवाडीच्या शेतात जातो. त्या वर्षी निर्मला म्हणाली, "यंदा मामांकडं जाऊ."

"मामांना कुठलं आलंय शेत?"

"म्हणूनच."

मामांनी ओढ्याच्या काठावरच खोपी घातली होती. मामी जाऊन सहा वर्षं झालेली, घरात करणारं कुणी नाही. आंबिल त्यांनी स्वतः केली होती, जरा जास्तच आंबट. मी छेडायला म्हणालो, "मामा, पीक कुठंय?" ते खोपीसमोरच्या मातीत बोट खुपसून म्हणाले, "पीक नसंना, ओल हाय की. तीन वर्सामागं हितं हात घातला असता व्हय तू?" मला वाटलं होतं, चार टाळकी येतील. हळूहळू माणसं जमायला लागली. बदलीवर आलेला बँकेचा कारकून, भाड्यानं राहणारी नर्स, शेत विकून शहरात आलेले दोन भाऊ. सासुरवाडीला आमची पंधरा पानं उठायची. इथं मी मोजली, चाळीसच्या वर. मामा आंबिल शिंपडत काठानं पुढं आणि ही सगळी वरात मागं. शेत नसलेली एवढी माणसं आमच्या शहरात आहेत, हे मला माहीतच नव्हतं. हे सगळ्यांना कसं सुचत नाही, आणि या म्हाताऱ्याला कसं सुचतं?

त्याच दिवशी पान वाढताना मामा निर्मलाकडं टक लावून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत हजर. "सुधाकर, निर्मलाचा दोन वर्सामागचा फोटो काढ."

"कशाला?"

"काढ तर."

मी कॉम्प्युटर उघडला. पंचवीस वर्षांची लग्नं त्यात कोंबलेली. हजारो नवऱ्या, करवल्या, मुंडावळ्या, हळदीचे गाल. निर्मला माझ्यासोबत प्रत्येक लग्नात असते, लाइटचा स्टँड धरून. तिचा फोटो मात्र मिळेना. मामा स्टुलावर बसून राहिले. दीड तासानं वाशी तालुक्यातल्या एका लग्नात, नवरीच्या मामीच्या खांद्यामागं, कडेला कापली गेलेली निर्मला सापडली. अर्धा चेहरा आणि स्टँड धरलेला हात. मामांनी तो मोठा करायला लावला, चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. "उद्या रक्त तपासून घे."

"काय झालंय तिला?"

"म्या सांगायचं नसतंय."

साखर निघाली. बरीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी असणार, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? बायको चौदा किलोनं वाळली होती आणि मी रोज तिच्याच हातातल्या उजेडात दुसऱ्यांच्या बायकांचे फोटो काढत होतो. मामांचे पाय धरायला हवे होते. घरी येताना माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं, हे त्यांना दिसलं, मला का नाही? निर्मला रिक्षात शेजारी बसून म्हणाली, "मामा देवासारखे आले." मी म्हणालो, "हं." माझं तोंड तेव्हा आरशात बघण्यासारखं नसणार.

वर्ष पुरं झालं तसे मामा कॅमेऱ्यातलं कार्ड कागदाच्या पुडीत बांधून स्टुडिओत आले. "बाराच्या बारा मोठ्या काढ. बैठकीला लावायच्यात. नगरपालिकेचे इंजिनिअर येणारेत." मी विचारलं, "काय दाखवायचंय त्यात?" ते म्हणाले, "ते बगत्याल. म्या कशाला सांगू?" आणि पुडी ठेवून गेले.

त्या रात्री मी बारा फोटो कॉम्प्युटरवर उतरवून ओळीनं उघडले. पहिल्यात नुसता उकिरडा. मग हळूहळू पाणी दिसू लागलेलं, सहाव्यात गवत, आठव्यात मासे पकडणारी पोरं, अकराव्यात काठावर वाळणारी लुगडी. मी माझ्याही नकळत बघत राहिलो. प्रत्येक फोटोत डाव्या बाजूला नव्या अपार्टमेंटचा एक पाइप होता आणि त्यातून काळं पाणी पडत होतं. प्रत्येक फोटोत तो पत्र्याचा 'R'.

आमच्या धंद्यात डाग दिसला की हात थांबत नाही. नवरीची पुटकुळी, सासऱ्याच्या शर्टावरची आमटी, मागं लोंबणारी वायर, सगळं जातं. मी पाइप घालवला. काळं पाणी घालवलं. प्लास्टिक घालवलं, 'R' घालवला, पाण्याला जरा निळाई दिली, आभाळाला ढग. हात सवयीनं चालला होता हे खरं. पण मनात काय होतं तेही खरं सांगायला हवं. लोकांनी त्या फोटोंपुढं उभं राहून, "मामांनी काढले, पण खरी करामत सुधाकरची," असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात मी स्टुडिओचं नाव टाकलं आणि मूळ फोटोंवरच सेव्ह केलं. सकाळी मोठं लग्न होतं. निघायच्या घाईत टेबलावरची सगळी कार्डं रोजच्यासारखी कॅमेऱ्यात घालून कोरी केली. त्यात मामांचंही होतं. ते मुद्दाम नव्हतं. बाकीचं सगळं मुद्दाम होतं.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो, समितीच्या बैठकीला प्रथमच. दोरीला लावलेल्या फोटोंपुढं गर्दी, "काय सुंदर, काय सुंदर." इंजिनिअरसाहेबांनी माझा हात हातात घेतला. मग बैठक सुरू झाली आणि अपार्टमेंटचा माणूस उभा राहिला. म्हणाला, "पाइप फक्त पावसाच्या पाण्याचा आहे. एरवी कोरडा असतो. आज संध्याकाळी येताना बघितलाच तुम्ही, थेंब नव्हता." मला तेव्हा कळलं. वर्षभर याच एका गोष्टीचं भांडण चाललं होतं. पाहणी असली की पाइप कोरडा, पाहणी संपली की काळं पाणी चालू. ते बाराही महिने वाहतं याचा पुरावा म्हणजे त्या बारा प्लेटा. आणि पाइप वळवायचा की नाही, ते त्या संध्याकाळीच ठरणार होतं.

मामा मागून म्हणाले, "प्लेटा बगा, साहेब."

साहेब उठून फोटोंजवळ गेले, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत चालत गेले आणि वळून म्हणाले, "यात तर पाइपच नाही." हॉलमध्ये हशा पिकला. मामा पुढं आले. चष्मा काढला, पुसला, घातला. पहिल्या फोटोशी नाक नेऊन उभे राहिले, मग दुसऱ्याशी. माझ्या खुर्चीजवळ आले तेव्हा एवढ्या हळू बोलले की फक्त मला ऐकू गेलं. "कार्ड?"

मी मान हलवली. नाही.

समितीचे सचिव विचारत होते, "मामा, मूळ फोटो कुठं आहेत?"

"पुसलं गेलं," मामा म्हणाले. "माझ्याच हातनं. कायतरी बटण दाबलं म्या. आन सुधाकरला म्याच म्हणलो, जरा साफसूफ कर, चांगलं दिसाय पायजे."

सचिव तरुण माणूस, वर्षभराचा घाम वाया गेलेला. तो चिडला. म्हणाला, हे काय लग्नाचे फोटो होते का, एवढी अक्कल नको? मामा मान खाली घालून ऐकत होते. ज्या माणसानं बत्तीस वर्षांत कुणाच्या प्लेटवर बोट उमटू दिलं नाही, तो साठ-सत्तर माणसांपुढं उभं राहून स्वतःची अक्कल काढलेली ऐकत होता. मी उठायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मी इस्त्रीच्या शर्टाची घडी सारखी करत बसलो. शेवटी सचिव जरा निवळून म्हणाला, "मामा, वय झालं आता तुमचं. इथून पुढं फोटो सुधाकररावांकडं द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर ज्यासाठी जळत होतो ते असं आयतं माझ्या ओंजळीत पडलं.

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. "मामा, तुम्ही असं का सांगितलं?"

"तुझं दुकान हाय रे. म्या रिटायर माणूस, माझं काय जातंय?" आणि चपला घालून चालू लागले.

मला त्या माणसाचा तेव्हा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. चूक माझी होती. निदान ती तरी माझ्याकडं राहायला हवी होती. तीही त्यांनीच उचलून नेली आणि चारचौघांत माझ्यापेक्षा मोठे होऊन गेले, तेही कुणाला न कळता. घरी मी निर्मलाला सगळं सांगितलं. ती ज्वारीच्या भाकरीला पाणी लावत होती. म्हणाली, "ठाऊक आहे मला. मामांच्या हातून काही पुसलं जातं होय?" पुढं आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

सचिवाकडं जाऊन मी खरं सांगितलं ते पंधरा दिवसांनी, तेही निर्मला दारापर्यंत सोबत आली म्हणून. तो म्हणाला, आता काय उपयोग? खरंच नव्हता. पुन्हा पहिल्यापासून बारा अमावस्या गेल्या. मी त्याच पांढऱ्या पावलांवर उभा राहिलो, काही घालवलं नाही, काही घातलं नाही, आणि वर्षाअखेर पाइप वळवला गेला. मामा तोवर लेकीकडं राहायला गेलेले, निर्मलानं त्यांना सोलापूरला फोन करून कळवलं. बरं झालं म्हणाले, तिची साखर विचारली. "माझी चौकशी केली का?" मी विचारलं. "केली," ती म्हणाली. पण जरा थांबून म्हणाली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या वर्षाच्या मध्यावर. डोळ्यांत मोतीबिंदू, पाठ पार वाकलेली, लेक घ्यायला आली होती. ते जाणार हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, निरोप द्यायला बसस्टँडवर माणसं गेली होती, निर्मलाही. मी गेलो नाही. अमावस्या होती, आठ वाजायचे होते, मला काम आहे असं मी सांगितलं. माझी काय छाती होती त्या गर्दीत त्यांच्यासमोर उभं राहायची!

मी पावलांवर पाय ठेवून उभा होतो, तेवढ्यात सोलापूरची एसटी पुलावर आली. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून ती थांबली, अगदी माझ्याजवळ. खिडकीत मामा. हात लांबवला असता तर त्यांच्या बाहीला लागला असता. मी कॅमेरा खाली केला आणि हात वर केला. माफी मागायची तर हीच वेळ होती. मामा खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. डोळे मिचमिचे करून, खूप मन लावून, काठ, गवत, पाणी, एकेक. मी त्यांच्या नजरेच्या वाटेत होतो, तर त्यांनी मान जरा तिरकी केली. मी दिसलो नाही की दिसून नको होतो, ते मला आजही माहीत नाही. ट्रॅक्टर गेला, एसटी हलली, तरी ते मान वळवून बघतच होते.

माझा हात वरच राहिला होता. इतकी वर्षं मी त्या माणसाचा हेवा केला. त्या सकाळी मला पहिल्यांदा ओढ्याचा हेवा वाटला.